कामाचा पुढचा दिवस

बथशेबामावशीची सही सूर्य मावळायच्या आत घ्यायला हवी होती, आणि भाद्रपदातला सूर्य काही केतनसाठी थांबणार नव्हता. म्हणून शुक्रवारी साडेचारलाच सगळे पनवेलच्या जुन्या गल्लीतल्या तिच्या दोन खोल्यांत येऊन बसले. एरवी 'उजेड ट्रान्सफॉर्मर्स'च्या मीटिंगा कारखान्यात वरच्या मजल्यावर, एसीत व्हायच्या. पण मावशीचा गुडघा तिला जिना चढू देत नव्हता आणि तिच्या भावाने, भागीदार निसीमकाकांनी, तिच्या नावावर ठेवलेला चौथा हिस्सा कुणाला तिला वगळू देत नव्हता.

निशा दाराजवळच्या स्टुलावर टेकली. ती घरातली मोठी, केतनहून सात वर्षांनी, तरी तिला कायम दाराजवळचीच जागा मिळायची. अठ्ठावीस वर्षं टेस्टिंग खातं सांभाळल्यावर तिला आता तीच बरी वाटायची. माल बाहेर पडण्याआधी शेवटचा जिथे थांबतो, तिथे.

केतनने कागद टीपॉयवर पसरला. मजकूर जेमतेम अर्धं पान होता. वाइंडिंग खातं बंद करायचं, कॉइली यापुढे ठेकेदाराकडून तयार आणायच्या, अकरा बायकांना घरी पाठवायचं. खाली चार सह्यांच्या रेघा. आईची, मावशीची, ताईची, त्याची.

"मावशी, थोडक्यात सांगतो," तो म्हणाला. दादा, म्हणजे वडील, गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तो सगळं थोडक्यात सांगायला शिकला होता. "पावसाळ्यात तीन रिटर्न आले. पेणचा जूनमध्ये, रोह्याचा जुलैत आणि कर्जतचा परवा, ऐन गणपतीत. पन्नास वर्षांत वॉरंटीत एवढे कधी आले नव्हते. तिन्हींत कॉइल जळली."

"कर्जतवाल्यांनी आरती थांबवून फोन केला होता," हेतल म्हणाली. "अख्खं गाव स्पीकरवर. 'तुमची डीपी गेली, तुमची डीपी गेली.' मला वाटलं कोणी माणूस गेला."

केतनची बायको हेतल कळंबोलीच्या लोखंड बाजारातली. तिथे तिच्या वडिलांचं गोडाऊन आणि भावाचे ट्रक. लग्नानंतर सहा महिन्यांत तिने खरेदी खातं हातात घेतलं होतं आणि वर्षभरात आईशी आगरी बोलायला लागली होती, तेही भांडणापुरतं का होईना.

"आणि कॉइल कोण भरतं? वाइंडिंग," केतनने मुद्दा संपवला. "मशीनवर भरलेली कॉइल एकसारखी येते. हाताचा काळ संपला."

आता आई पेटणार, असं निशाला वाटलं. वाइंडिंग खातं आईचं. निशा पोटात असताना भामाने बेलपाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली कॉइल भरली होती. निसीमकाकांनी सायकलचं चाक आडवं बसवून केलेल्या यंत्रावर, पोटाला हँडल लागू नये म्हणून तिरकं बसून. मिठागरात राबलेल्या बाईचे हात; तार किती ओढायची ते त्या हातांना शिकवावं लागलं नाही. पुढे जी जी बाई आली ती आईच्या हाताखालून गेली. आता खात्याची मुख्य कुंदन होती, आईच्या भावाची मुलगी.

पण भामा म्हणाली, "बरोबर बोलतोय त्यो."

"आई!"

"काय आई? कॉइल जळली तर हात बगायचा. माजा असला तरी. तुज्या दादानं खुंटी कशाला ठोकली व्हती?"

खुंटी टेस्टिंग खात्याच्या भिंतीवर होती. दादांची पद्धत अशी, की जळून परत आलेली कॉइल त्या खुंटीवर टांगायची, तिला चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर ज्याच्या हातून चूक झाली त्याचं नाव लिहायचं. दसऱ्याला मशिनांची पूजा झाली की कॉइल उतरायची आणि नाव पुसलं जायचं. वर्षभर मात्र येताजाता सगळ्यांना दिसायचं. दादांचं स्वतःचं नाव दोनदा लागलं होतं. एकदा निसीमकाकांचं लागलं, तेव्हा त्यांनी खाली 'यांत सत्य आहे' असं लिहून सही केली होती म्हणे.

"मग कुंदनला बोलवायला हवं होतं," निशा म्हणाली. "तिच्यामागे कशाला?"

"बोलावलंय," भामा म्हणाली. "मीच."

केतनने हेतलकडे पाहिलं. हेतलने पंख्याकडे.

मावशी या सगळ्यात स्वयंपाकघरातून जा-ये करत होती. ऐंशीव्या वर्षीही ती शाळेत तास घेत असल्यासारखी बोलायची. भामा तिला अजून 'बाई'च म्हणायची. "तुमचं चालू द्या. मला साडेसहाच्या आत सगळं आवरायचंय. हेतल, ते नारळाचं दूध दे बघू इकडे."

कुंदन आली ती दारातच थांबली. हातात कापडी पिशवी. चप्पल काढली, पिशवीतून काहीतरी जड बाहेर काढलं आणि टीपॉयवर, केतनच्या कागदावरच ठेवलं. कर्जतची कॉइल. एका बाजूने कागद करपून कोळसा झालेला, तांब्यावर जिभेसारखा काळा डाग. कॉइलला सुती फीत बांधलेली, फितीला चिठ्ठी. चिठ्ठी कोरी.

"लिवा," कुंदन म्हणाली.

केतनने चिठ्ठीकडे पाहिलं, पेनाला हात लावला नाही.

"लिवा ना केतनशेट. समोर लिवा माजं नाव. मी खुंटीला टांगते सोता. पण मग अकरा जनींचं नाव नका लावू त्या कागदावर. चूक एकीची, घरी अकरा, ह्यो कुटला हिशेब?"

"कुंदनताई, पर्सनल घेऊ नका—"

"मंग काय सरकारी घेऊ?"

हेतलला हसू आलं. तिने ते पदराआड दाबलं, आणि केतनने ते पाहिलं.

भामाने कॉइल मांडीवर ओढून घेतली. चष्मा न लावता ती बोटांनी वाचू लागली, जशी तांदळातले खडे बघते तशी. जळक्या बाजूला बोट थांबलं, मग न जळलेल्या बाजूने परत फिरलं. थर मोजले. गाठीवर अंगठा ठेवून दाबून बघितलं. केतननेसुद्धा घड्याळाकडे पाहिलं नाही.

"हात चांगला हाय," ती शेवटी म्हणाली. "कुटं ढिली नाय, कुटं चढली नाय. माज्यापरीस बरी भरलीय."

"मग जळली कशी?" केतन म्हणाला.

"ते मला काय ठावं? तू शिकलेला."

आईने बाजू बदलली नव्हती, हे निशाला कळलं. ती पहिल्यापासून कॉइलच्याच बाजूने होती.

मावशी पदराला हात पुसत येऊन खुर्चीत बसली. "केतन, मला एक सांग. पन्नास वर्षांत कधी एवढ्या जळल्या नाहीत, पाच महिन्यांत तीन जळल्या. एप्रिलपासून तुम्ही बदललं काय?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय. तार तीच, कागद तोच, तेल तेच. प्रोसेस शीट तर निसीमकाकांनी लिहिलेल्यावरूनच टाइप केलेलं आहे." त्याला ते तोंडपाठ होतं, लहानपणी दादांनी पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. "'शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता गाभा व कॉइल भट्टीत ठेवणे. भट्टी चालू करून दार लावणे. मध्ये दार उघडू नये. कामाच्या पुढच्या दिवशी सकाळी आठ वाजता बाहेर काढून तेलात बुडवणे.' एक अक्षर बदललं नाही, मावशी."

"फक्त सुट्टी बदलली," हेतल म्हणाली.

हे कुणीतरी बोलणार होतंच. उजेडमध्ये पहिल्या दिवसापासून सुट्टी शनिवारची. निसीमकाका ज्यू, ते शनिवारी काम करत नसत, आणि भागीदार नाही तर मीही नाही, म्हणून दादा करत नसत. काका एक्याऐंशी साली बायकामुलांना घेऊन इस्रायलला गेले. आता तरी रविवार करा, म्हणून सगळे मागे लागले. दादा म्हणाले, आला परत तर? काका परत आले नाहीत. तिकडेच तीन वर्षांपूर्वी गेले, आणि वर्षभरात दादाही गेले. मग एप्रिलमध्ये केतनने सुट्टी रविवारवर आणली. गिऱ्हाइकांचे इन्स्पेक्टर शनिवारी येत, ट्रकवाले शनिवारी मोकळे असत, पोरांच्या शाळा रविवारी बंद असत. सगळं खरंच होतं. मावशीला त्याने फोन करून कळवलं होतं आणि मावशी म्हणाली होती, बरं.

आताही ती तेवढंच म्हणाली. "बरं." मग जरा हसली. "आम्हांला कोकणात शनवार तेली म्हणायचे. माझे आजोबा घाणा चालवायचे, अख्ख्या गावाचं तेल काढायचे. शनिवारी मात्र बैल सोडलेला. निसीमने घाणा सोडला, पण तेल काही सोडलं नाही. तुमच्या डीपीत भरलंच की."

सहाला दहा कमी होते. ती उठली. याच खोलीत खिडकीखाली ओट्यावर एक हॉटप्लेट होती; लोखंडी चौकट, विटेच्या खाचांतून फिरवलेली तार, वर जाडसर तवा. निसीमकाकांनी स्वतः बनवलेली. मावशीने मटणाचं उकळतं पातेलं तिच्यावर चढवलं, झाकण ठेवलं, झाकणावर कणकेची वळकटी दाबली आणि बटण खाली केलं.

"मावशी, मंद आहे हो फार," हेतल म्हणाली. "असं कधी शिजणार?"

"उद्या दुपारपर्यंत. घाई कुणाला आहे?"

"मग रात्री बंद नाही करत?"

"आज दिवस मावळला, शब्बाथची सुट्टी लागली की बटणाला हात लावायचा नाही. आता चालू केली ती उद्या संध्याकाळी चांदण्या दिसल्यावरच बंद. आईच्या वेळी चुलीत निखारे झाकून ठेवायचो. निसीमला ही युक्ती सुचली. म्हणायचा, एकदा लावून दिली की आपण मोकळे. भट्टीचंही तो तसंच करायचा. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पेटवायची, दार लावायचं आणि घरी यायचं."

झाकणाच्या कडेने वाफेची एक रेघ निघाली.

निशाने ती पाहिली. मग मनातल्या मनात बोटांवर मोजलं, लहान मुलासारखं. शुक्रवार संध्याकाळ पाच. शनिवारी सुट्टी. कामाचा पुढचा दिवस रविवार, सकाळी आठ. एकोणचाळीस तास.

आणि आता? शुक्रवार पाच. कामाचा पुढचा दिवस शनिवार. पंधरा.

तिला टेस्टिंगच्या वहीतले आकडे आठवले. कॉइलभोवतीच्या कागदात ओल किती, ते मेगर नावाचं यंत्र दाखवतं. आकडा मोठा तर कागद कोरडा. तिची सगळी उमर दोन हजाराच्या वरचे आकडे लिहिण्यात गेली होती. एप्रिलपासून ते सातशे-आठशेवर आले होते. मर्यादा पाचशेची. आधी तिने नवं मेगर मागवलं. तोच आकडा. मग म्हणाली, हवा दमट आहे. मग पाऊस लागला, तेव्हा तर कारण आयतंच मिळालं. ती रोज 'पास'चा शिक्का मारत राहिली, कारण आकडे मर्यादेत होते आणि केतन नवा होता आणि म्हातारी ताई दर गोष्टीत खोडा घालते, असं तिला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

गप्प बसणंही सोपं होतं. तासांचं सांगायचं, आकड्यांचं नाही. भट्टी रविवारी उघडायला लागली असती, पुढच्या डीपी कोरड्या निघाल्या असत्या. पण मग आतापर्यंत गेलेल्या खांबांवर तशाच राहिल्या असत्या. आणि त्या तीन कुणाच्या तरी नावावर लागल्याच असत्या. कुंदन अजून उभीच होती.

"केतन," निशा म्हणाली. "ते परत म्हण. शेवटचं वाक्य."

"कुठलं?"

"प्रोसेस शीटचं."

"'कामाच्या पुढच्या दिवशी सकाळी आठ वाजता...'" तो थांबला. त्याने हॉटप्लेटकडे पाहिलं, मग मावशीकडे. त्याचे ओठ हलले. तोही मोजत होता.

"पंधरा तास," निशा म्हणाली. "पूर्वी एकोणचाळीस. तास कुणी लिहिलेच नाहीत. कागद तोच राहिला, दिवस बदलला. कॉइल ओली असतानाच आपण तेलात बुडवतोय. कुंदनच्या हातात काही खोट नाही."

"मिठाचं तसंच," भामा म्हणाली. "बाप वरडायचा आमच्यावर, एक दिस आदी वडू नका. वरून सुकं दिसतं, आत पानी."

"पण टेस्टिंगमध्ये पास झाल्यात की!" केतन म्हणाला. "ताई, तुझ्याच सह्या आहेत."

"माझ्याच आहेत." ती स्टुलावरून उठली. "एप्रिलपासून आकडे घसरलेत. दोन हजाराचे सातशे झाले. मी बघितलं. मर्यादेच्या वर होते, म्हणून पास केले आणि कुणाला बोलले नाही. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

केतन खुर्चीत मागे टेकला. "किती गेल्यात?"

"एप्रिलपासून? नव्वद."

"नव्वद." त्याने दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. "म्हणजे त्या सगळ्या..."

"उतरवून आणायच्या, उघडायच्या, परत सुकवायच्या. सगळ्या जळतील असं नाही. कुठल्या जळतील ते सांगता येत नाही."

"गिऱ्हाइकाला काय सांगू? आमची सुट्टी चुकली?"

"हां, तेच सांग," हेतल म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काय बघता? स्पीकरवर शिव्या मी खाल्ल्यात. अजून नव्वद गावांच्या नाही खाणार. ट्रक भावाकडून आणते. रविवारी पेण आणि रोहा घेऊ, तिकडे पाऊस जास्त." मग नवऱ्याकडे वळून हळूच, "आणि तू असा चेहरा करू नको. तू कागदाप्रमाणेच केलंस. कागदच अर्धा होता."

"अर्धा नव्हता," मावशी म्हणाली. "निसीमने लिहिला तेव्हा पुरा होता. शनिवारी सुट्टी असते, हे त्याला वेगळं लिहावंसं वाटलं नाही, इतकंच. मी तरी तुझ्या फोनवर नुसतं 'बरं' म्हणून मोकळी झाले. रुसून." तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन शेवटचं लाल झालं होतं. "आता बाकीचं चालू द्या, मला दिवा लावू द्या."

काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, तेलावर वात. तिने दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं. भामाने सवयीने डोक्यावर पदर घेतला. पन्नास वर्षांत ती असल्या कितीतरी शुक्रवारी या खोलीत बसली होती. शब्द एकही येत नव्हता, कधी हात जोडायचे ते मात्र येत होतं.

निशाने पर्समधून पेन काढलं आणि कॉइलची चिठ्ठी ओढली.

"इथे नाही," मावशी डोळे उघडून म्हणाली. "या घरात आता उद्यापर्यंत लिहिणं नाही. सही पण नाही. केतन, तुझा कागद ने बाबा."

केतनने करपलेल्या कॉइलखालचा कागद काढला. त्यावर काळा गोल उमटला होता. त्याने त्याची घडी घातली, आणखी एक घातली आणि खिशात कोंबून तो फोन घेऊन बाहेर ओटीवर गेला. मागून एकेक करून सगळ्या उठल्या.

ओटीच्या पायरीवर निशा बसली, कॉइल मांडीवर. केतन कारखान्यात धर्मराजशी बोलत होता. धर्मराज भट्टी सांभाळायचा. फोनवर बोलताना तो भट्टी शेजारी गरजत असल्यासारखा ओरडायचा, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येत.

"पाचची बॅच लागली का?"

"लागली साहेब! उद्या आठला काढतो!"

"नको. उद्या उघडू नको."

"मग कधी?"

"रविवारी सकाळी आठला."

"रविवारी सुट्टी असते साहेब!"

केतनने फोन दुसऱ्या कानाला लावला. गल्लीच्या टोकाला कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"उद्या सुट्टी," तो म्हणाला. "सगळ्यांना फोन कर. रविवारी या म्हणावं. आणि धर्मराज, शीटवर पेनाने लिही, एकोणचाळीस तास. आकड्यांत लिही आणि अक्षरांतही."

"कारण काय टाकू? कारणाचा रकाना आहे!"

केतनने आत वळून पाहिलं. खिडकीतून दिव्याचा पेला दिसत होता आणि त्याच्यामागे ओट्यावर पातेलं. "नंतर सांगतो," तो म्हणाला. "लांबलचक आहे."

निशाने तोवर चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं होतं. पूर्ण नाव, सर्टिफिकेटवर करते तसं. केतन तिच्या शेजारी पायरीवर बसला. त्याने हात पुढे केला. तिला वाटलं, चिठ्ठी फाडणार. त्याने पेन घेतलं, तिच्या नावाखाली आपलं नाव घातलं आणि पेन परत दिलं.

कुंदन वाकून बघत होती. दोन्ही नावं तिने वाचली, चिठ्ठी सरळ केली, फितीची गाठ पुन्हा आवळली.

"तिसऱ्याला जागा ऱ्हायलीय," ती म्हणाली. "दादांचं लिवा. पन्नास वर्सं सुट्टी पाळली, पन त्या सुट्टीत भट्टी किती तास चालते ते कदी लिवून ठेवलं नाय."

निशाने आईकडे पाहिलं. भामा चपला शोधत होती. एक सापडली, दुसरी हेतलच्या सँडलखाली होती.

"नका लिवू," ती म्हणाली, पायात चप्पल सरकवत. "आज नको. तुज्या दादाची आन् काकाची, दोगांची सुट्टी लागली आता."